दुसऱ्या कार्डाचा खटका

अकलूजला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ‘गेमिंग’ म्हणून घेतलेल्या लॅपटॉपचे खरे रूप कळते. साधे पत्र टाइप करायला बसले तरी पंखा थांबत नाही, तळ हाताला भाजतो, आणि लाइट गेली की तास-दोन तासांत बॅटरी मान टाकते. लोक बॅटरीला दोष देतात आणि नवी बॅटरी घालतात. बहुतेक वेळा दोष तिचा नसतो. अशा लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची दोन साधने असतात. एक प्रोसेसरच्या पोटातच बसवलेले, इंटेलचे किंवा एएमडीचे, थोडक्या विजेवर भागवणारे. दुसरे स्वतंत्र कार्ड, स्वतःची मेमरी असलेले, ताकदीचे, बहुधा एनव्हिडियाचे. जड काम निघाले की दुसऱ्याने उठायचे आणि एरवी पार झोपून राहायचे, असा मूळ बेत. लिनक्सवर ते पुष्कळदा झोपतच नाही.

हिशेब सोपा आहे. समजा बॅटरी ४८ वॉट-तासांची आहे आणि पडद्यासकट बाकीचा लॅपटॉप साध्या कामाला ८ वॉट घेतो. मग ती ६ तास पुरेल. बिनकामाचे कार्ड जागे राहून वरून आणखी ८ वॉट घेऊ लागले, तर तीच बॅटरी ३ तासांत संपेल. मशीननुसार आकडे बदलतात, पण गळती अशीच असते.

आमच्या भागाला ही गळती परवडत नाही. ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनाची वर्षे काढली आहेत, आणि शेतीपंपाची वीज पाळीने येते हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असते. दुसरीकडे, ताकदीच्या कार्डाची गरजही खरी आहे. तुकोबारायांच्या पादुकांना सराटीला नीरा स्नान घालून पालखी अकलूजला येते, गोल रिंगण होते, आणि रिंगणाचे चित्रीकरण करणाऱ्यांना त्याच रात्री व्हिडिओ कापून, जोडून द्यायचा असतो. शंकरनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुले ब्लेंडरमध्ये मॉडेल करतात. ही मुले माझ्याकडे लॅपटॉप घेऊन येतात, बहुतेकांना उबुंटू लिनक्स हवे असते, आणि ते टाकून झाल्यावर आठवडाभरात तक्रार येते ती हीच. ती एका वाक्यात सोडवता येत नाही, कारण कार्ड झोपवण्याचा खटका कुणाच्या हातात असावा, यावर तीस वर्षे ओढाताण चालू आहे. ती माहीत असली की आजची सेटिंग्जही कळतात.

सुरुवातीला खटका बायोसकडे होता. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम नावाची पद्धत आणली. यंत्राचा कुठला भाग कधी निजवायचा ते मुख्यतः मदरबोर्डवरचे बायोस ठरवी. बायोसला वापरणारा काय करतोय याचा पत्ता नसे, त्यामुळे कीबोर्डला हात लागला नाही की ते पडदा बंद करून मोकळे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे नवे मानक जाहीर केले आणि निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमकडे दिला. त्यात प्रत्येक उपकरणाला डी-० ते डी-३ अशा अवस्था दिल्या. डी-० म्हणजे पूर्ण जागे, डी-३ म्हणजे बंद. या डी-३ चेही पुढे दोन प्रकार झाले: ‘हॉट’मध्ये उपकरण निजते पण विजेची तार जोडलेली असते, ‘कोल्ड’मध्ये वीजच तोडली जाते. आपल्या कार्डाला हवी ती हीच कोल्ड झोप. मात्र एसीपीआयमध्ये एक मेख राहिली. निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमचा असला, तरी वीज तोडण्याची प्रत्यक्ष पायरी लॅपटॉप बनवणाऱ्याने बायोसमध्ये लिहून ठेवलेली असते, आणि तो ती विंडोजवर तपासून बाजारात पाठवतो. पुढचा निम्मा त्रास याच मेखेतून आला.

दोन ग्राफिक्सचा लॅपटॉप लोकांच्या हातात ठळकपणे आला तो २००६ मध्ये, सोनीच्या व्हायो एसझेडबरोबर. त्यावर खराखुरा सरकता खटका होता. एका टोकाला ‘स्टॅमिना’, दुसऱ्याला ‘स्पीड’. स्टॅमिनाला इंटेलचे ग्राफिक्स, स्पीडला एनव्हिडियाचे. बदल केला की मशीन पुन्हा सुरू करावे लागे. आत ‘मक्स’ नावाची चिप होती, ती पडद्याची तार एका कार्डाकडून काढून दुसऱ्याकडे जोडायची. आज कुणी या रचनेला ओबडधोबड म्हणेल. मला ती या सगळ्या इतिहासातली सर्वांत प्रामाणिक रचना वाटते. कार्ड चालू आहे की बंद, हे बोटाने चाचपून कळत होते.

अ‍ॅपलने २००८ च्या मॅकबुक प्रोमध्ये हाच खटका सेटिंग्जमध्ये नेला. बदलायला लॉगआउट पुरे होई. मग फेब्रुवारी २०१० मध्ये एनव्हिडियाने ‘ऑप्टिमस’ आणले आणि खटका दिसेनासा झाला. ऑप्टिमसमध्ये मक्स नाही. पडद्याची तार कायम इंटेलकडे. एनव्हिडियाचे कार्ड चित्र रंगवते आणि तयार चौकट इंटेलच्या मेमरीत आणून टाकते. इंटेल ती पडद्यावर दाखवते. काम संपले की ड्रायव्हर कार्डाची वीज तोडतो. वापरणाऱ्याने काहीच करायचे नाही. अभियांत्रिकी म्हणून ही कल्पना सुंदर होती, आणि पुढे सगळ्यांनी तीच उचलली. पण कार्ड कधी उठवायचे, कधी निजवायचे याचे सगळे शहाणपण विंडोजच्या बंद, म्हणजे कोड न दाखवणाऱ्या, ड्रायव्हरमध्ये होते. लिनक्सवाल्याच्या वाट्याला आले ते कायम जागे असलेले कार्ड, आणि पुष्कळदा त्याचा उपयोगही करता येईना.

लिनक्सची बाजू त्या वेळी अगदीच रिकामी नव्हती. डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या २.६.३२ या कर्नेलमध्ये (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) राफाएल विसोत्स्की आणि अ‍ॅलन स्टर्न यांच्या कामातून ‘रनटाइम पॉवर मॅनेजमेंट’ची चौकट बसली होती, म्हणजे अख्खे मशीन चालू असताना एखादेच उपकरण निजवण्याची सोय. आणि मे २०१० मधल्या २.६.३४ मध्ये डेव्ह एअरली यांचे ‘व्हीजीए स्विचरू’ आले. मक्सवाल्या लॅपटॉपसाठी लिहिलेले हे साधन मुळात एक फाइल होते, कर्नेलच्या डीबग फोल्डरात ठेवलेली. ती वाचली की दोन ओळी दिसत. एकीत ‘आयजीडी’, म्हणजे आतले ग्राफिक्स. दुसरीत ‘डीआयएस’, म्हणजे स्वतंत्र कार्ड. जे पडद्याला जोडलेले त्याच्यापुढे अधिकचे चिन्ह, आणि प्रत्येकापुढे वीज चालू की बंद. त्याच फाइलीत ‘ऑफ’ असा शब्द लिहिला की बिनकामाच्या कार्डाची वीज जाई. ‘डीआयएस’ लिहिले की तार पलीकडे. ताबडतोब बदल जमत नसेल तर ‘डीडीआयएस’, म्हणजे लॉगआउट होईपर्यंत थांबून मग बदल. सोनीचा खटका फाइलीच्या रूपात परत आला होता, आणि आता तो ज्याला वाचता येते त्या कुणालाही उघडून पाहता येत होता. ऑप्टिमसला तो पुरा पडला नाही. तिथे सरकवायला तारच नव्हती.

ती जागा हौशी मंडळींनी भरली. २०११ मध्ये मार्टिन जूल यांनी ‘बंबलबी’ हा प्रकल्प सुरू केला. त्याची युक्ती अशी: एनव्हिडियाच्या कार्डावर पडद्याविना दुसरा एक्स सर्व्हर, म्हणजे चित्रे दाखवणारा कार्यक्रम, उभा करायचा, कार्यक्रम तिथे चालवायचा आणि तयार चित्रे पहिल्या सर्व्हरवर आणून टाकायची. ‘ऑप्टिरन’ असे लिहून पुढे कार्यक्रमाचे नाव दिले की झाले. त्याच्या जोडीला पीटर वू यांचे ‘बीबीस्विच’ आले. ते बायोसमध्ये लपलेली वीज तोडण्याची पायरी शोधून थेट चालवी. त्या काळात ज्यांनी ऑप्टिमसचा लॅपटॉप लिनक्सवर चालवला, त्यांची बॅटरी या छोट्याशा मॉड्यूलने वाचवली आहे.

त्याच वर्षी बंबलबीच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एक चूक शिरली. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा एक उपफोल्डर पुसण्याची आज्ञा होती. त्या लांबलचक पत्त्यात ‘/यूएसआर’ या पहिल्या तुकड्यानंतर एक जागा रिकामी सुटली. संगणकाने त्याचे दोन पत्ते मानले आणि पहिला पत्ता, म्हणजे जवळजवळ सगळे सॉफ्टवेअर जिथे असते तो ‘यूएसआर’ फोल्डर, मुळासकट पुसायला घेतला. चूक उघड झाली, दुरुस्त झाली, आणि ती आजही सर्वांना वाचता येईल अशी नोंदीत आहे. मुलांना स्क्रिप्ट लिहायला शिकवताना मी ही ओळ फळ्यावर लिहितो. प्रशासकाचा अधिकार देऊन कुणाचीही स्क्रिप्ट चालवण्याआधी ती वाचायची, हे त्या एका रिकाम्या जागेइतके स्पष्ट दुसऱ्या कशानेच पटत नाही.

जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांची प्रश्नोत्तरे झाली. कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी एनव्हिडियाला उद्देशून मधले बोट दाखवले, ते दृश्य जगभर गाजले. त्याआधीचा प्रश्न मात्र फारसा कुणाला आठवत नाही. श्रोत्यांतल्या एका बाईंनी विचारले होते ते ऑप्टिमसबद्दल: विकत घेतलेला लॅपटॉप लिनक्सवर नीट चालत नाही आणि कंपनी मदत करत नाही, याचे काय करावे. मला तो प्रश्नच जास्त मोलाचा वाटतो. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूतला अर्धा भाग आपल्याला बंद करता येत नाही, ही तक्रार अकलूजच्या विद्यार्थ्याची आणि फिनलंडमधल्या ग्राहकाची अगदी एकच होती.

खरे उत्तर कर्नेलमध्ये घडत होते. दोन वेगळ्या ड्रायव्हरनी मेमरीचा एकच तुकडा वाटून वापरावा, चित्राची उगाच नक्कल करू नये, यासाठी ‘डीएमए-बफ’ ही सोय भारतीय अभियंते सुमित सेमवाल यांनी लिहिली, आणि मार्च २०१२ च्या ३.३ कर्नेलमध्ये ती आली. तिच्यावर एअरली यांनी ‘प्राइम’ उभारले: एका कार्डाने रंगवायचे, दुसऱ्याने दाखवायचे, आणि हे एक्स सर्व्हरला मुळातूनच कळायचे. ऑक्टोबर २०१२ मध्ये एनव्हिडियाच्या अभियंत्याने मागणी केली की ही सोय बंद ड्रायव्हरनाही वापरू द्यावी. अ‍ॅलन कॉक्स या कर्नेलच्या विकासकांनी ठाम नकार दिला: आपला कोड जीपीएल या खुल्या परवान्याखाली आहे, त्याच्या अटी अशा बदलता येणार नाहीत. या नकाराने एनव्हिडियाचा बंद ड्रायव्हर वापरणाऱ्यांचे हाल आणखी काही वर्षे लांबले, हे खरे आहे. तरीही मी कॉक्स यांच्या बाजूचा आहे. ज्यांनी कष्ट करून कोड खुला ठेवला, त्यांच्या अटी कंपनीच्या सोयीसाठी वाकवल्या असत्या, तर कंपनीला स्वतःचा कोड खुला करण्याचे कारणच उरले नसते.

खुल्या ड्रायव्हरवाल्यांना फळ लवकर मिळाले. नोव्हेंबर २०१३ च्या ३.१२ कर्नेलपासून एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचा नूवो आणि एएमडीच्या कार्डांसाठीचा रेडिऑन हे खुले ड्रायव्हर अशा लॅपटॉपमधले कार्ड काही सेकंद बिनकामाचे राहिले की आपोआप निजवू लागले आणि काम आले की उठवू लागले. व्हीजीए स्विचरू म्हणजे रात्री विहिरीवर जाऊन मोटार चालू-बंद करणे असेल, तर हा तिला बसवलेला ऑटो स्टार्टर. एएमडीचे कार्ड असलेल्यांचा प्रश्न तिथून हळूहळू सुटत गेला, कारण त्या कंपनीने २००७ पासून आपल्या कार्डांची कागदपत्रे खुली करायला घेतली होती. दुकानात दोन लॅपटॉप समोर असतील आणि लिनक्सच चालवायचे असेल, तर माझा सल्ला आजही यावरूनच ठरतो.

एनव्हिडियावाल्यांची वाट लांबची. २०१३ च्या ड्रायव्हरने पडद्यावर चित्र आणले, पण मग सगळेच काम एनव्हिडियाच करी. उबुंटूने ‘प्राइम-सिलेक्ट’ ही आज्ञा दिली: इंटेल किंवा एनव्हिडिया निवडा, बाहेर पडा, पुन्हा आत या. सोनीच्या खटक्यापासून सात-आठ वर्षे चालून आपण पुन्हा तिथेच आलो होतो. २०१६ च्या ४.८ कर्नेलने कार्ड ज्यांना जोडलेले असते ते पीसीआय एक्सप्रेसचे पोर्टही निजवायला सुरुवात केली. उद्देश योग्य होता, कारण पोर्ट जागा असेल तर कार्डाची वीज पुरती तुटत नाही. पण नव्या बायोसमध्ये वीज तोडण्याची तऱ्हा बदलली होती, बीबीस्विचची जुनी तऱ्हा तिच्याशी भांडू लागली, आणि काही लॅपटॉप सुरू होतानाच गोठायचे. उपाय म्हणून बूट करताना कर्नेलला एक ओळ द्यायची: बायोसने विचारले तर सांग की आपण २००९ सालचे विंडोज आहोत. एसीपीआयमधली ती जुनी मेख इथे वर आली. बायोस खरोखरच विचारते, समोर कोणते विंडोज आहे, आणि उत्तर पाहून वेगळे वागते.

ऑगस्ट २०१९ मध्ये एनव्हिडियाच्या ४३५ क्रमांकाच्या ड्रायव्हरने अखेर दोन्ही गोष्टी दिल्या. एकेक कार्यक्रम हवा तर ताकदीच्या कार्डावर चालवणे, आणि ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांना पूर्ण कोल्ड झोप. उबुंटू २०.०४ मध्ये ‘ऑन-डिमांड’ हा पर्याय दिसतो तो यामुळेच. ऑप्टिमस विंडोजवर आल्यानंतर साडेनऊ वर्षांनी.

आता तुमच्या लॅपटॉपवर काय चालले आहे ते बघा. ‘सिस’ फोल्डरात पीसीआय उपकरणांची यादी असते. त्यात एनव्हिडियाच्या कार्डाचे फोल्डर शोधा, आतले ‘पॉवर’ फोल्डर उघडा. ‘कंट्रोल’ नावाच्या फाइलीत ‘ऑन’ किंवा ‘ऑटो’ असते. ‘ऑन’ असेल तर कार्डाला झोपायला मनाई आहे; तिथे ‘ऑटो’ लिहायचे. शेजारच्या ‘रनटाइम स्टेटस’ फाइलीत ‘अ‍ॅक्टिव्ह’ किंवा ‘सस्पेंडेड’. जड कार्यक्रम बंद करून थोड्या वेळाने ‘सस्पेंडेड’ दिसायला हवे. पुष्कळजण इथे फसतात. ते एनव्हिडियाची स्वतःची ‘एसएमआय’ ही आज्ञा देऊन कार्ड किती वीज खाते ते बघतात, आणि ती आज्ञाच कार्डाला उठवते. उपकरणांची यादी दाखवणारी ‘एलएसपीसीआय’ही उठवते. डेस्कटॉपच्या कडेला बसवलेले तापमान-वीज दाखवणारे एखादे विजेट दर काही सेकंदांनी विचारत राहिले, तर कार्ड रात्रभर डोळा मिटत नाही. स्टेटसची फाइल वाचल्याने मात्र ते उठत नाही.

तरीही ‘अ‍ॅक्टिव्ह’च दिसत असेल तर कार्डाच्या भावंडांकडे बघा. एचडीएमआयमधून आवाज पाठवणारा भाग त्याच कार्डावर वेगळे उपकरण म्हणून बसलेला असतो. ट्युरिंगच्या काही कार्डांवर यूएसबीचेही दोन भाग असतात. यांतले एक जरी जागे असेल तरी वीज तुटत नाही. आवाजाच्या भागाची आणि कार्डाची झोप एकमेकांना बांधण्याचे काम लुकास वुन्नर यांनी २०१८ च्या ४.१७ कर्नेलमध्ये केले. माझ्याकडे आलेल्या लॅपटॉपांत बिनकामाचे जागरण बहुतेक वेळा यूएसबीच्या भागापाशी नाहीतर विजेटपाशी सापडते.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या कर्नेल मॉड्यूलचा कोड खुला केला. त्याच्या दहा वर्षे आधी हे कुणाला खरे वाटले नसते, आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. त्याच वेळी हेही नीट समजून घ्यावे की ट्युरिंगपासूनच्या कार्डांवर ‘जीएसपी’ नावाचा एक छोटा प्रोसेसर आहे, कार्डाचा बराचसा कारभार तो सांभाळतो, आणि त्याच्यावर चालणारे फर्मवेअर बंद आणि सही केलेले आहे. नूवो ड्रायव्हरलाही नव्या कार्डांचा पूर्ण वेग मिळाला तो याच फर्मवेअरचा आधार घेऊन, ६.७ कर्नेलपासून. म्हणजे बायोसकडून ऑपरेटिंग सिस्टिमकडे आलेला खटका आता थोडासा कार्डाच्या पोटात गेला आहे. दुसरीकडे महागड्या गेमिंग लॅपटॉपमध्ये मक्स चिप परत आली आहे, आणि बायोसमध्ये ‘हायब्रिड’ की ‘डिस्क्रीट’ असा पर्याय दिसतो. बॅटरीवर काम करायचे असेल तर ‘हायब्रिड’च ठेवा. ‘डिस्क्रीट’वर लिनक्समध्ये कितीही सेटिंग्ज बदलल्या तरी कार्ड झोपणार नाही, कारण पडदा त्यालाच जोडलेला असतो.

एक मागणे आहे, विशेषतः कॉलेजातल्या मुलांकडे. हे सारे ज्यांनी घडवले त्यांतल्या अनेकांची सुरुवात स्वतःच्या बिघडलेल्या लॅपटॉपपासून झाली. तुमचे कार्ड झोपत नसेल, तर पंख्याचा आवाज सोसत बसू नका आणि कुठली तरी स्क्रिप्ट न वाचता चालवू नका. लॅपटॉपचे मॉडेल, बायोसची आणि कर्नेलची आवृत्ती, कार्डाचे नाव आणि स्टेटसच्या फाइलीत दिसलेला शब्द एवढे टिपून आपल्या (उबुंटूसारख्या) डिस्ट्रिब्यूशनकडे बग नोंदवा. इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चालते. तिथे वाचणाऱ्याला नोंदीतले आकडे हवे असतात. कोणत्या मॉडेलला वेगळी वागणूक द्यायची त्या कर्नेलमधल्या अपवादांच्या याद्या अशाच नोंदींतून, मॉडेलमागून मॉडेल, तयार होतात, आणि नोंद झाली नाही तर तुमचे मॉडेल त्या यादीत येत नाही.